मणिपूरच्या गवतातील ताप

दुसऱ्या महायुद्धात मराठी मुलखातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या शिपायांचा इतिहास आपल्याकडे दोन ठिकाणी सापडतो: एक पलटणींच्या बखरींत आणि दुसरा गावोगावच्या वेशीवर बसविलेल्या दगडांत. बखरींत लढायांची नावे असतात, दगडांत माणसांची संख्या असते. ह्या दोहोंच्या मधला जो प्रश्न, म्हणजे माणूस नेमका कशाने गेला, तो मात्र दोन्हीकडे अनुत्तरित राहतो. वाचणारा आपल्या मनाशी गृहीत धरतो की, जो परतला नाही तो शत्रूच्या गोळीने पडला. लष्करी दप्तरात 'लढाईत पडला', 'जखमांनी मेला' आणि नुसते 'मृत' असे तीन निरनिराळे शेरे असत. त्यांतला तिसरा शेरा कोणी वाचत नाही. आम्हां कारकुनांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: ज्या बाबीला नमुन्यात रकाना नाही ती बाब काही वर्षांनी जगातूनही नाहीशी होते.

ह्या तिसऱ्या शेऱ्याखाली किती माणसे होती ह्याची कल्पना चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम ह्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. १९४३ साली त्या आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवाव्या लागणाऱ्या एका माणसामागे आजारी पडून पाठवाव्या लागणारी माणसे १२० होती! एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकंदर सैन्याच्या ८४ टक्के होते. हिवताप, आमांश, कातडीचे रोग हे सर्व ओळखीचे वैरी होते. त्यांची औषधे होती, निदान त्यांची नावे तरी शिपायांस माहीत होती. परंतु त्यांच्याच रांगेत स्लिम आणखी एका तापाचे नाव घेतात, आणि ते घेताना त्यांचा सूर बदलतो. तो ताप हिवतापाच्या मानाने फार थोड्यांना येई. पण ज्यांना येई त्यांच्यातून तो निवड करून माणसे नेई, आणि त्यावर औषध नव्हते. इंग्रज शिपाई त्याला 'जंगल टायफस' म्हणत, वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचे नाव 'स्क्रब टायफस' असे आहे. आपल्या विश्वकोशकारांनी टायफसला 'प्रलापक सन्निपात ज्वर' असा भारदस्त प्रतिशब्द दिला आहे. तो लांबलचक असला तरी खरा आहे, कारण ह्या तापात रोगी बरळतो, आणि आपल्या आज्या ज्याला 'वात झाला' म्हणत तीच ही अवस्था.

मराठी पलटणी त्या प्रदेशात कशा पोचल्या हे प्रथम पाहिले पाहिजे. १९४२ च्या प्रारंभी झाशी येथे २३ वी हिंदी डिव्हिजन उभी राहिली. तिच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथी आणि सहावी अशा दोन पलटणी होत्या. रंगून पडले होते, ब्रह्मदेशातून निर्वासितांचे आणि पराभूत सैन्याचे लोंढे रोग घेऊन डोंगर ओलांडीत होते, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ही डिव्हिजन मणिपुरात जाऊन बसली. पूर्वेकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांचा एक मार्ग नागपूरवरून, आमच्या ह्या रायपूरवरून बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याकडे जात असे. रायपूरजवळची मान्याची धावपट्टीदेखील त्याच युद्धाची निशाणी आहे. पुढे आसामात अमीनगावला ब्रह्मपुत्रा नावेने ओलांडून पांडूला उतरायचे, तेथून मीटर गेजच्या गाडीने दिमापूरला, म्हणजे त्या काळच्या 'मणिपूर रोड' स्टेशनाला यायचे, आणि मग सुमारे एकशेतीस मैलांचा डोंगरी रस्ता चढून इंफाळ. मावळातल्या, कोकणातल्या, देशावरच्या माणसाला डोंगर, पाऊस आणि रान ह्यांपैकी काहीच नवे नव्हते. सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला मणिपूरच्या पावसाची भीती वाटण्याचे कारण नव्हते. ज्या गोष्टीची भीती वाटायला हवी होती ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

ह्या पलटणींचे शौर्य सांगायचे तर सांगशाकचा उल्लेख टाळता येत नाही. २२ ते २६ मार्च १९४४ ह्या पाच दिवसांत उखरूलजवळच्या त्या उघड्या टेकडीवर ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडसह चौथ्या मराठा पलटणीने जपान्यांचा वेढा सोसला. पाणी नाही, खणायला मऊ माती नाही, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडते आहे, अशा स्थितीत ती टेकडी धरून ठेवल्यामुळे कोहिमा आणि इंफाळ ह्यांच्या बचावाला मोलाचे दिवस मिळाले. एवढे असूनही सामान्य मराठी वाचकाला सांगशाक हे नाव ठाऊक नसते. मराठा शिपायांना त्या युद्धात मिळालेले दोन व्हिक्टोरिया क्रॉस, यशवंत घाडगे ह्यांचा १९४४ चा आणि नामदेव जाधव ह्यांचा १९४५ चा, हे दोन्ही इटलीतले. कीर्ती पश्चिमेकडे गेली आणि ताप पूर्वेकडे राहिला, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

आता ह्या तापाचे कूळ. त्याचा जंतू रिकेट्सिया वर्गातला. १९९५ पासून त्याला 'ओरिएन्शिया' असे स्वतंत्र गोत्र देण्यात आले आहे. तो पसरविणारा जीव म्हणजे कोळ्याच्या आणि गोचिडीच्या नात्यातला एक तांबूस माइट. ह्या माइटचे चरित्र मोठे विलक्षण आहे. मोठा झाल्यावर तो कोणालाही चावत नाही. मातीत राहून इतर बारीक किड्यांच्या अंड्यांवर जगतो. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे सहा पायांचे पिल्लू मात्र आयुष्यात एकदाच, फक्त एकदा, उबदार रक्ताच्या प्राण्याच्या अंगावर चढते. हे पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे असते, खसखशीच्या दाण्यापुढेही ते ठेंगणे दिसेल. ते गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यावर वाट पाहत बसते. उंदीर, घूस, चिचुंद्री जवळून गेली की तिच्यावर चढते. माणूस बसला तर त्याच्यावर. मग कपड्याखालून सरकत सरकत जेथे कातडी पातळ आणि कपडा घट्ट असेल तेथे, म्हणजे कंबरेला, जांघेत, काखेत, ते तोंड रोवते आणि दोनचार दिवस तेथील पेशींचा रस पीत राहते. ते रक्त पीत नाही, खाजही फारशी येत नाही, आणि पोट भरले की गळून पडते. जंतू त्याला कोठून मिळतो? त्याच्या आईकडून. तो अंड्यातूनच पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे ह्या रोगाचा वाहक आणि कोठार दोन्ही एकच. उंदीर हे त्या कीटकाचे फिरते अन्नछत्र, आणि माणूस हा निव्वळ चुकून आलेला पाहुणा.

चावल्यानंतर सहा ते एकवीस दिवसांनी, बहुधा दहाबारा दिवसांनी, ताप भरतो. ह्या अवधीमुळे लष्करात मोठा घोटाळा होई. ज्या ओढ्याकाठी पलटणीने मुक्काम केला तेथून ती पन्नास मैल पुढे गेलेली असे, आणि मग एकदम दहावीस माणसे आडवी होत. दोष मात्र नव्या जागेला दिला जाई. डोके फुटेल असे दुखणे, लाल डोळे, चढता ताप, पाचव्यासहाव्या दिवशी अंगावर पुरळ, मग कानांना बधिरता आणि भ्रम. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मेंदू किंवा हृदय ह्यांपैकी काही एक खचले की माणूस जाई. ओळखण्याची एकच बाह्य खूण: जेथे ते पिल्लू चिकटले होते तेथे विडीचा चटका बसल्यासारखी छोटी काळी खपली. पण ती अशा जागी असते की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नये, आणि गोऱ्या कातडीवर जी पटकन डोळ्यांत भरे तीच सावळ्या कातडीवर नजरेतून निसटून जाई. हिंदी शिपायाच्या बाबतीत निदान अवघड होण्याचे हे एक साधे कारण होते.

ह्या रोगाचे जुने घर जपान. तेथे त्याला 'त्सुत्सुगामुशी' म्हणतात. 'त्सुत्सुगा' म्हणजे पीडा आणि 'मुशी' म्हणजे कीटक. निइगाता, यामागाता, अकिता ह्या प्रांतांतील नद्यांना दरसाल पूर येई, पूर ओसरल्यावर काठावर सुपीक गाळ आणि माणसाला बुडवील असे गवत उरे, आणि त्या गाळात पीक काढायला उतरलेल्या गरीब शेतकऱ्यांना हा ताप धरी. मरीआईची किंवा शीतळादेवीची देवळे आपल्याकडे ज्या भावनेने उभी राहिली त्याच भावनेने तेथे ह्या कीटकाच्या शांतीसाठी देवळे बांधण्यात आली. त्याहून मागे जायचे तर चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग ह्याच्या लेखनात गवतातून व वाळूतून फिरताना अंगाला चिकटणाऱ्या लाल बारीक किड्याचे आणि त्यानंतरच्या तापाचे वर्णन आहे. म्हणजे रोग जुना, ज्ञानही जुने. परंतु ते एका नदीच्या काठावरच अडकून पडलेले.

'स्क्रब' हे विशेषण मात्र मलायातले. १९२० नंतरच्या दशकात क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत फ्लेचर आणि लेसलर हे डॉक्टर टायफसच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. ही तपासणी प्रोटियस नावाच्या एका जंतूच्या साहाय्याने होते. रुग्णाच्या रक्तरसाने त्या जंतूंचे पुंजके झाले की टायफस. त्यांच्याजवळ ह्या जंतूचे दोन वाण होते, आणि त्यांपैकी एक किंग्सबरी नावाच्या डॉक्टरांनी लंडनहून आणलेले. दोन्ही एकच समजून वापरात होते. प्रत्यक्षात शहरातल्या दुकानदार-हमालांच्या रक्ताने एका वाणाचे पुंजके होत आणि मळ्यांतल्या मजुरांच्या रक्ताने फक्त किंग्सबरीच्या वाणाचे! लंडनहून येता येता ते वाण बदलले होते की मुळातच निराळे होते, हा वाद बाजूला ठेवू. ह्या एका आकस्मिक फरकामुळे कळून चुकले की हे दोन ताप वेगळे आहेत. शहरातल्याला 'शॉप टायफस' आणि झुडपांतल्याला 'स्क्रब टायफस' ही नावे तेव्हा पडली. किंग्सबरीच्या नावाचा 'के' त्या तपासणीच्या नावात पुढे कायम राहिला. त्यानंतर त्याच संस्थेत ल्यूथवेट आणि सावूर ह्या दोघांनी १९३० नंतरची काही वर्षे खपून मलायाचा झुडपी टायफस आणि जपानचा नदीकाठचा ताप एकच होय हे सिद्ध केले. सावूर हे आडनाव कारवार-मंगळूर किनाऱ्यावरील सारस्वतांत आढळते. ह्या रोगाच्या इतिहासात हे नाव पुढे आणखी एकदा यावयाचे आहे.

हिंदुस्थानात असा ताप नव्हता असे नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेगॉ ह्यांना कुमाऊँच्या डोंगरात सातताल येथे गोचीड चावल्यावर स्वतःलाच टायफससारखा ताप आला आणि त्यांनी तो १९१७ साली लिहून प्रसिद्ध केला. तो ताप ह्याच कुळातला, जातीने निराळा. पण त्यामुळे रानातून येणाऱ्या अशा तापांकडे काही लष्करी डॉक्टरांचे लक्ष वळले. खेड्यातल्या रुग्णाकडे मात्र वळले नाही, कारण खेड्यातला रुग्ण मोजणीत येण्याआधीच मेलेला किंवा बरा झालेला असे.

युद्धाने ह्या रोगाला जे दिले ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. हा दाट अरण्यातला रोग नव्हे. घनदाट झाडीखाली तो क्वचितच आढळतो. तो राहतो मानवाने एकदा साफ करून मग सोडून दिलेल्या जागी: पडलेले गाव, टाकलेली बाग, झूम शेतीचा जुना तुकडा. तेथे झाडे परत येण्यापूर्वी उंच गवत येते, गवताबरोबर उंदीर येतात आणि उंदरांबरोबर हा कीटक. आमच्या छत्तीसगडात मैकलच्या डोंगरातील बैगा ज्याला 'बेवर' म्हणतात आणि बस्तरात ज्याला 'पेंदा' म्हणतात ती फिरती शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे ही जागा चटकन उभी राहील. आता युद्धात काय घडते? गावे ओस पडतात. शेते पडीक पडतात. सैन्य जंगल तोडून छावणी टाकते, महिनाभराने उठून जाते, आणि मागे उरलेल्या टिनांवर, सांडलेल्या तांदळावर उंदीर माजतात. सहा महिन्यांनी दुसरी तुकडी त्याच गवतात पथारी टाकते. काबाव खोरे, तामू, टिड्डिमचा रस्ता, इंफाळच्या मैदानाच्या कडा, ह्या सर्व ठिकाणी दोन वर्षे दोन्ही सैन्ये आलटून पालटून हेच करीत होती. ज्या कीटकाला पूर्वी नदीच्या पुराची वाट पाहावी लागे त्याला इंग्रज आणि जपानी सरकारांनी मिळून घरे बांधून दिली.

जपानी डॉक्टरांना हा रोग घरच्यासारखा माहीत होता. त्या ज्ञानाचा त्यांच्या शिपायाला काही उपयोग झाला नाही. १९४४ च्या पावसाळ्यात इंफाळहून परतणाऱ्या त्यांच्या सैन्यातील हजारो माणसे उपासमारीने आणि रोगांनी रस्त्याच्या कडेला मेली. त्यांतील कोणाला कोणत्या तापाने नेले हे मोजायला मागे कोणी नव्हते. अमेरिकनांची मोजदाद व्यवस्थित असे. मेरिल ह्यांच्या फौजेची जी तुकडी त्याच वर्षी मिचिनाच्या विमानतळाकडे डोंगरातून निघाली होती तिच्यात सुमारे दीडशे जणांना हा ताप आला आणि तीस मेले. तिचे नायक कर्नल किनिसन हेही त्यांतच गेले. मृत्यूचे प्रमाण जागेजागी इतके बदले की डॉक्टरही चक्रावत: न्यू गिनीच्या बाजूच्या ओवी आणि बिआक ह्या बेटांवर शंभरांत एकही धड नाही, तर गुडइनफ बेटावर शंभरांत पस्तीस.

सुल्फाच्या गोळ्या ह्या तापावर निरुपयोगी ठरल्या. पेनिसिलिनही. उरली ती शुश्रूषा: पाणी पाजणे, अंग पुसणे, कूस बदलणे, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून ठेवणे. लांबच्या प्रवासात हेलकावे खात गेलेला रोगी दगावतो हे ध्यानात आल्यावर त्याला शक्यतो पुढच्याच इस्पितळात ठेवण्याचा प्रघात पडला. ज्यांनी तीन आठवडे एखाद्या बरळणाऱ्या रोग्याच्या उशाशी काढले आहेत त्यांनाच ह्या 'उपचार नाही' शब्दांचा अर्थ कळेल. बरळताना माणूस आपल्या भाषेत बरळतो. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा शिपाई त्या वॉर्डात शेवटचे काय बोलला हे तेथील नर्सला समजले असण्याचा संभव थोडाच.

संशोधन मात्र जोरात सुरू झाले, कारण आता मरत होते ते नदीकाठचे शेतकरी नव्हते. इंफाळलाच एक प्रयोगशाळा थाटण्यात आली. तेथील ऑडी ह्या डॉक्टरांनी उंदीर पकडून, त्यांच्या कानांतले किडे मोजून हा रोग भूमीवर ठिपक्याठिपक्यांनी कसा वसतो हे शोधून काढले. दोन ठिपक्यांमधील जमीन निर्धोक असते, आणि शंभर पावलांवरचे गवत जीवघेणे. हे पुढे त्यांनी 'रेड माइट्स अँड टायफस' ह्या पुस्तकात, १९६८ साली, सविस्तर लिहिले. ऑस्ट्रेलियात मॅकलक ह्यांनी दाखवून दिले की डायब्युटिल थॅलेट नावाचे तेलकट द्रव्य कपड्यांना चोळले तर ते पिल्लू कपड्यावर चढताच मरते आणि दोनचार धुण्यांनंतरही द्रव्याचा गुण टिकतो. मग शिपायांना हुकूम निघाले: सदऱ्याच्या आणि विजारीच्या शिवणींना, मोज्यांना हे तेल चोळायचे, मुक्कामाचे गवत जाळायचे, जमिनीवर निजायचे नाही. हे शेवटचे ऐकून पायदळातला जुना हवालदार मनात हसला असेल. गोळी आली की जमिनीला छाती लावावी, हा त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा होता.

लस तयार करण्याचा प्रयत्न ह्या सर्व कथेतला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत निष्फळ भाग. अमेरिकेतून 'कॉटन रॅट' जातीचे उंदीर इंग्लंडात आणून, ससेक्समधील फ्रॅंट ह्या खेड्यात त्यांच्या फुप्फुसांत जंतू वाढवून लस करण्यात आली. कामाचे गुप्त नाव 'टायबर्न', म्हणजे लंडनची जुनी फाशी देण्याची जागा; हे नाव ज्याने ठेवले त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार असो. १९४५ साली लस आशियात पोचली तोवर युद्ध संपत आले होते, आणि तपासणीअंती तिच्यामुळे रोग टळत नाही असे दिसून आले. कारण पुढे कळले: ह्या जंतूची एक जात नसून अनेक वाणे आहेत, आणि एकाविरुद्ध आलेली शक्ती दुसऱ्यापुढे चालत नाही. प्रयोगशाळांनी ही वाणे ज्या रुग्णांकडून मिळाली त्यांच्या नावांनी जतन केली. न्यू गिनीतला कार्प, आसाम-ब्रह्मदेश सीमेवरचा गिलियम, आणि पुढे निइगाताचा काटो: जगभरच्या ग्रंथांत ही तीन नावे आजही रोज छापली जातात. मराठा पलटणींचा जो कोणी त्या सीमेवर ह्याच तापाने गेला त्याचे नाव कोठल्याही वाणाला नाही. ह्यात कोणाचा कट नव्हता. रक्त कोणाचे काढले जाते आणि कोणाचे प्रयोगशाळेपर्यंत पोचते, एवढाच प्रश्न होता. प्रयोगशाळेतही हा जंतू निर्दय होता. मेलबर्नला डोरा लश ही तरुण संशोधिका १९४३ साली उंदराला सुई टोचताना ती स्वतःच्या बोटाला लागून ह्याच तापाने मरण पावली.

औषध सापडले ते युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी. व्हेनेझुएलाच्या कराकस शहराजवळील शेताच्या मातीतल्या एका बुरशीवजा जीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल हे द्रव्य १९४७ साली वेगळे करण्यात आले होते. ते घेऊन अमेरिकन लष्कराचे स्मॅडेल आणि त्यांचे सहकारी १९४८ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला उतरले. तेथील पंचवीस रुग्णांना ते देण्यात आले. दोन-तीन आठवडे न हटणारा ताप एकदोन दिवसांत उतरला आणि पंचविसांतले एकही माणूस मेले नाही. त्या निबंधावर सात नावे आहेत. शेवटची दोन, ल्यूथवेट आणि सावूर. दहाबारा वर्षांपूर्वी ज्यांनी रोगाची ओळख पटविली होती तेच त्याचा पाडाव पाहायला हजर होते, असे भाग्य संशोधकांना क्वचित लाभते. ह्याच वेळी आणखी एक घटना घडली. झुडपी टायफस समजून ज्यांना औषध दिले त्यांच्यात चुकून विषमज्वराचा एक रुग्ण आला, आणि तोही बरा झाला. टायफॉइडवरचे पहिले खात्रीचे औषध जगाला असे मिळाले. १९५० नंतर आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत ज्या कॅप्सुलींनी टायफॉइडची दहशत मोडली त्यांचा जन्म मलायातील एका निदानाच्या चुकीत आहे.

आणि येथूनच विस्मरणाला प्रारंभ झाला. सैन्याला औषध मिळाले, सैन्याचा प्रश्न सुटला. इंफाळची प्रयोगशाळा युद्धाबरोबर गुंडाळली गेली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि त्यापाठोपाठ आलेली टेट्रासायक्लिने कोणत्याही लांबलेल्या तापाला सर्रास दिली जात, त्यामुळे झुडपी टायफसचे रुग्ण नाव न कळताच बरे होत राहिले. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्याची जागा एका परिच्छेदावर आली, आणि विद्यार्थी तो परिच्छेद परीक्षेत येत नाही म्हणून सोडून देऊ लागले. पुढे तापावर देण्याची औषधे बदलली. नवी, महाग आणि इतर बाबतींत गुणकारी अशी जी औषधे आली त्यांतील पुष्कळांचा ह्या जंतूवर काहीच परिणाम होत नाही. त्यामुळेच झाकलेला रोग उघडा पडला, असे एक मत आहे, आणि मला ते पटण्यासारखे वाटते. विशेष असे की, १९९० साली तो पुन्हा नोंदला गेला तोही पाकिस्तानच्या सीमेवर असलेल्या सैन्याच्याच एका तुकडीत. शिपायाला ताप आला की त्याची फाइल होते. गवत कापणाऱ्या बाईची होत नाही.

त्या बाईची नोंद व्हायला आणखी वीसपंचवीस वर्षे जावी लागली. गोरखपूरच्या आसपास दर पावसाळ्यात शेकडो मुले मेंदूच्या तापाने मरत होती. डासांपासून होणाऱ्या जपानी मेंदुज्वराची लस टोचूनही मृत्यू थांबत नव्हते. २०१५ आणि त्यापुढील वर्षांत मनोज मुऱ्हेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचे रक्त ह्या जुन्या रोगासाठी तपासले तेव्हा साठ टक्क्यांच्या वर मुलांमध्ये त्याची खूण सापडली. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात ह्या तापाने माणसे दगावू लागली तेव्हा वृत्तपत्रांनी 'नवा रोग' असे मथळे दिले. अकोला, सेवाग्राम येथील डॉक्टर त्याच्या आधीपासून ह्या कुळातील तापांवर लिहीत होते. छत्तीसगडातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. नवे त्यात काहीच नव्हते. रंगूनच्या वाटेवरची आणि नागपूरजवळच्या शेताच्या बांधावरची कीटकाची मुख्य जात एकच, 'लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स', आणि तिचे नावदेखील सुमात्रातल्या देली ह्या तंबाखूच्या मुलखावरून पडलेले.

आज ह्यावर डॉक्सिसायक्लिन देतात. गोळी काही रुपयांना मिळते आणि पहिल्या आठवड्यात दिली तर ताप दोन दिवसांत उतरतो. रोग बळावल्यावर काय करावे ह्यावर वेल्लोरच्या डॉक्टरांनी देशातील सात इस्पितळांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले: अशा रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्याहून अधिक गुण येतो. तथापि गोळी देण्याआधी ओळख पटावी लागते, आणि खेड्यातल्या दवाखान्यात प्रयोगशाळा नसते. तेथे १९४४ च्या इंफाळप्रमाणेच आजही पहिला पुरावा म्हणजे ती काळी खपली. वेल्लोरलाच डॉक्टरांनी ह्या खपल्यांच्या जागा मांडून पाहिल्या. पुरुषांत त्या बहुधा जांघेत आणि काखेत सापडतात. बायकांत त्या छातीवर आणि पोटावर असतात, जेथे चोळीची कड दाबते आणि लुगड्याची गाठ बसते. आणि तेथे पाहायचे तर रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही संकोच सोडावा लागतो.